नंदुरबार जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिकांसाठीचे सहाय्यक तंत्रज्ञान

वृद्धापकाळात हालचाल, दृष्टी, श्रवण व दैनंदिन व्यवहार शक्य तितके स्वावलंबनाने करता यावेत, यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना सहाय्यक तंत्रज्ञान म्हणतात. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर व चाकाची खुर्ची ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात ही साधने प्रामुख्याने केंद्र व राज्य शासनाच्या योजनांतून मिळतात. साधनांचे मानक, लाभार्थ्याची ओळख आणि डोंगराळ भूप्रदेश या तीन बाबींवर त्यांची उपयुक्तता अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांचा मोठा भाग सातपुड्याच्या रांगांत असून तेथील वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. सरदार सरोवराच्या जलाशयालगतच्या काही गावांपर्यंत आरोग्यसेवा तरंगत्या दवाखान्यांद्वारे पोहोचवली जाते.

धोरणे व योजना

भारताचे ज्येष्ठ नागरिकविषयक राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये जाहीर झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये संमत झाला. सहाय्यक साधनांशी थेट संबंध असलेल्या दोन योजना पुढीलप्रमाणे आहेत :

* राष्ट्रीय वयोश्री योजना (२०१७) : दारिद्र्यरेषेखालील, तसेच विहित उत्पन्नमर्यादेतील ६० वर्षांवरील व्यक्तींना शिबिरात तपासणी करून साधने मोफत दिली जातात. कानपूर येथील भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम (अलिम्को) ही अंमलबजावणी संस्था असून एक वर्षाची मोफत देखभाल तिच्याकडे आहे.
* मुख्यमंत्री वयोश्री योजना (२०२४) : वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांपर्यंत असलेल्या ६५ वर्षांवरील नागरिकांना एकदाच ३,००० रुपये आधारसंलग्न बँक खात्यात दिले जातात. खरेदीचे देयक नंतर सादर करावे लागते.

पहिल्या योजनेत तपासणीनंतर प्रत्यक्ष वस्तू मिळते. दुसऱ्या योजनेत रक्कम मिळत असल्याने वस्तूची निवड व तिची गुणवत्ता पारखण्याचे काम मुख्यत्वे लाभार्थी व त्याच्या कुटुंबावर येते.

मानके

आयएसओ ९९९९ हे आंतरराष्ट्रीय मानक सहाय्यक साधनांचे वर्गीकरण व संज्ञा निश्चित करते. भारतात मानके ठरवण्याचे काम भारतीय मानक ब्युरो करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० प्राधान्य साधनांची यादी प्रसिद्ध केली. संघटनेच्या २००८च्या चाकाच्या खुर्चीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुर्ची देणे पुरेसे नसते. मोजमाप, जुळवणी, प्रशिक्षण, दुरुस्ती व पाठपुरावा हेही सेवेचे भाग आहेत. खडबडीत जमिनीवर चाकांमधील अंतर जास्त असलेली व पुढची चाके मोठी असलेली खुर्ची अधिक स्थिर राहते. त्यामुळे रुग्णालयातील गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली खुर्ची सातपुड्यातील चढ-उताराच्या पायवाटेवर निरुपयोगी ठरू शकते. श्रवणयंत्रालाही वेळोवेळी नवी बॅटरी व श्रवणक्षमतेनुसार जुळवणी लागते.

आधार व ओळख पडताळणी

आधार क्रमांकाच्या वितरणाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झाला. पुढे अनेक शासकीय लाभ आधाराशी जोडले गेले. वयोमानाने त्वचा कोरडी होते व रेषा पुसट होतात; आयुष्यभर शेतमजुरी केलेल्यांचे बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत, असेही घडते. यावर बुबुळ व चेहऱ्याद्वारे पडताळणी हे पर्याय उपलब्ध आहेत. बोटांच्या ठशांची पडताळणी अयशस्वी झाली म्हणून पात्र व्यक्तीस लाभ नाकारू नये, अशा आशयाचे निर्देश भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिले. निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ हा अंकीय हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ पासून उपलब्ध आहे.

अंमलबजावणीतील अडचणी

शिबिरे सामान्यतः मोठ्या गावी भरत असल्याने ज्यांना चालता येत नाही, त्यांनाच चालण्याचे साधन मिळवण्यासाठी प्रवास करावा लागतो. जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी इत्यादी बोली प्रचलित आहेत. केवळ प्रमाण मराठीतील सूचना अनेक वृद्धांना उपयोगी पडत नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी असली, तरी दुर्गम पाड्यांत तिचा लाभ मोबाइल संपर्कावर अवलंबून राहतो. साधन बिघडल्यास दुरुस्तीची सोय जवळ नसणे ही आणखी एक अडचण होय. अशा वेळी मानकानुसार बनवलेले साधनही वापराविना पडून राहते.

हे सुद्धा पहा

* नंदुरबार जिल्हा
* आधार
* राष्ट्रीय वयोश्री योजना
* भारतीय मानक ब्युरो