शुश्रूषागृहांत रात्रीं कोण राहतें?

आमच्या लहानपणीं यावलास बाळंतपणें बहुधा घरींच होत. सुईण कोण, तिचा हात कसा, हें साऱ्या आळीला ठाऊक असे. कागदावर कांहीं नसे. पुढें खाटा मांडलेलीं शुश्रूषागृहें आलीं आणि जाब विचारावयाचा कोणास, हा प्रश्न उभा राहिला.

मुंबई प्रांतांत त्याचें उत्तर तुकड्यातुकड्यांनीं मिळालें. १९१२ च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही उघडली. १९३५ च्या कायद्यानें परिचारिका व सुइणी यांची. माणसें नोंदलीं गेलीं, घर मात्र बिननोंदीचेंच राहिलें. इंग्लंडांत अशा घरांसाठीं १९२७ सालीं कायदा झाला होता. आपल्याकडे 'मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम' झाला तो १९४९ सालीं.

त्यांतील एक अट मला फार मोलाची वाटते. जागा व साधनें तपासा, असें कोणताही कायदा सांगेल. येथें त्यापुढें जाऊन म्हटलें कीं, सामान्य शुश्रूषागृह अर्हताप्राप्त डॉक्टराच्या किंवा परिचारिकेच्या ताब्यांत असावें आणि ती व्यक्ति त्याच घरांत राहणारी असावी. प्रसूतिगृहांत अर्हताप्राप्त सुईण असावी. तसें नसेल तर नोंदणी नाकारतां येते. 'राहणारी' हें साधें धातुसाधित विशेषण. जन्मभर मुलांस व्याकरण शिकविलें, पण एका विशेषणावर एवढा भार क्वचितच पाहिला.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीस एका खासगी शुश्रूषागृहांत ठेवलें होतें. गांवाचें नांव घेत नाहीं. रात्रीं दोनच्या सुमारास तिला धाप लागली. प्रमाणपत्र दर्शनी जागीं लावलें पाहिजे असा कायदा आहे, त्याप्रमाणें तें भिंतीवर चौकटींत होतें. ज्यांच्या नांवाचें तें होतें ते डॉक्टर चाळीस किलोमीटरवर आपल्या घरीं. जवळ होती ती एक शिकाऊ पोर. ती रडूं लागली. आम्हींच गाडी मिळवून बहिणीस जिल्ह्याच्या ठिकाणीं नेलें. ती वांचली. त्या पोरीवर मात्र मीं तोंड टाकलें, त्याची अजून लाज वाटते. तिला एकटीला ठेवणाऱ्यास मीं एक शब्द बोललों नाहीं.

तोच कायदा आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालतो. २०२१ च्या नियमांनीं रुग्णांच्या हक्कांची सनदही भिंतीवर आणली. सनद मी वाचतों, पण कोणास पोंचवावयास गेलों म्हणजे आधीं विचारून घेतों, "रात्रीं येथें कोण राहतें?"