भरड (माल्टची)

धान्याचा दाणा पीठ न होऊ देता जाडसर फोडण्याची क्रिया, आणि तसे फोडलेले धान्य. वऱ्हाडात हा शब्द रोजच्या वापरातला आहे. गोळाभातासाठी हरभऱ्याची डाळ भरडतात, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या पडतात. अकोल्याच्या जठारपेठेत गिरणीवर दळणाचा डबा ठेवताना ‘जाड काढा’ एवढे सांगितले की पुरते. दगड किती उचलायचा हे गिरणीवाल्याला कळते. बिअरसाठी माल्ट फोडणे हे याच कुळातले काम. फरक इतकाच की तिथे दोन उलट गोष्टी एकदम साधाव्या लागतात : आतला गर फुटला पाहिजे आणि वरचे टरफल शाबूत राहिले पाहिजे.

माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, मग वाळवून भाजलेले धान्य, बहुधा बार्ली. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली की ही विकरे पिठूळ गराची साखर करतात. दाणा अख्खा राहिला तर पाणी आत पोचत नाही आणि साखर दाण्यातच अडकते. दाण्याचे पीठ झाले तर भांड्यात लगदा होतो आणि गोड पाणी खाली उतरत नाही. हे पाणी गाळायला वेगळे कापड लागत नाही. टरफलेच तळाशी एकावर एक बसून गाळणी होतात, म्हणून ती फाटता कामा नयेत. फार बारीक झालेल्या टरफलातून तुरटपणाही उतरतो.

चांगली भरड ओळखायला मूठभर माल्ट काळ्या कागदावर पसरावे. टरफले होडीसारखी रिकामी आणि सलग दिसतात. गराचे दोन, तीन, चार तुकडे झालेले असतात आणि पीठ थोडेच असते. एखादा दाणा अख्खा वाटला तर तो नखाने दाबून पाहावा. वरून सलग दिसणारे टरफल बहुधा आतून पोकळ निघते. ही हातची पारख भरवशाची आहे.

यासाठीचे खरे साधन म्हणजे दोन रुळांची चक्की. रुळांमधली फट साधारण १ मिलिमीटर ठेवतात आणि दाणे बारीक असतील तर ती आणखी कमी करतात. दाणा रुळांमध्ये दाबला जातो, घासला जात नाही. टरफल वाचते ते यामुळे. आपल्याकडच्या जाळीच्या घरघंटीत फिरते पाते दाण्याला जाळीतून निसटेपर्यंत झोडत राहते, त्यामुळे मोठ्या भोकांची जाळी लावली तरी टरफलाच्या चिंध्या होतात. मिक्सर त्याहून वाईट. दगडी जाते मात्र या कामाला बरेच जवळचे आहे. जाड दळण हवे असेल तर बायका मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळून वरचा दगड किंचित उचलून घेत आणि दाणे मोठ्या मुठीने वैरत. फट मोठी, घास मोठा. जात्यात दाणा घासला जातो खरा, पण रुळांच्या चक्कीसारखीच इथेही भरड ठरते ती फटीवर. घरोघरच्या बायकांना हे हातानेच उमगले होते, आणि या विषयावर लिहिताना त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

टरफल वाचवण्याची आणखी एक युक्ती आहे. दळण्याआधी माल्टवर त्याच्या वजनाच्या १ ते २ टक्के पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे कालवून ठेवतात. ५ किलोला १०० मिलिलिटरपर्यंत पाणी पुरते, आणि साधारण २० लिटर बिअरला तेवढे माल्ट लागते. टरफल चामट होते, गर कोरडाच राहतो. अख्खे माल्ट कोरड्या जागी कित्येक महिने टिकते, पण भरडल्यावर हवेने लवकर शिळे पडते. म्हणून गरजेपुरतेच आणि वेळेवर भरडावे. दळताना उडणाऱ्या धुळीत आंबट करणारे जिवाणू असतात, त्यामुळे भरडण्याची जागा आंबवण्याच्या भांड्यापासून दूर हवी.

ज्वारी. वऱ्हाडचे जुने पीक बार्ली नव्हे, ज्वारी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) ज्वारीवर संशोधन चालते, शेतातली तिची जागा मात्र बरीचशी सोयाबीनने घेतली आहे. ज्वारीचीही बिअर होते. दक्षिण आफ्रिकेत ती परंपरेनेच करतात, आणि नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केल्यावर तिथले मोठे कारखाने ज्वारीकडे वळले. तिच्या भरडीचे गणित मात्र निराळे. मळणीतच ज्वारीचे बोंड सुटते, दाण्यावर टरफल राहत नाही आणि गाळणीचा थर जमत नाही. कापडाने गाळावे लागते किंवा बाहेरून तूस घालावे लागते. वाचवायला टरफलच नसल्याने ज्वारी बारीक भरडली तरी चालते. तिचा पिठूळ भाग शिजायला ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत विकरे मरू लागतात, म्हणून भरड आधी वेगळी शिजवून घेतात. एक सावधगिरी विसरू नये. कोवळ्या ज्वारीने जनावर दगावते ते ज्या सायनाइडजनक द्रव्यामुळे, ते मोडांतही असते. म्हणून ज्वारी वाळल्यावर मोड आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढाव्यात आणि मगच भरडावी.

कायदा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मोकळी झाली. छोट्या रुळांच्या चक्क्यांना तिथे घरगुती गिऱ्हाईक आहे ते त्यामुळे. महाराष्ट्रात १९४९ चा मद्यनिषेध कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर करणे, मग ती घरापुरती का असेना, गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलालीसारखी लघुमद्यशाळा उभी राहिली ती परवाना घेऊनच.

माल्ट करून भरडणे ही वेगळी गोष्ट. त्यावर बंदी नाही. नाचणीचे सत्त्व करताना मोड आणून, वाळवून, दळून हेच केले जाते. बिअरच्या भांड्यात साखर करणारी विकरे सत्त्वातही असतात : बाळाच्या घट्ट, कोमट खिमटीत असे चमचाभर पीठ ढवळले की काही मिनिटांत ती पातळ होते, आणि पाणी न वाढवता बाळाला भरवता येते.