खेळ आणि देखावा : गिरगावकर प्रेक्षकाच्या संदर्भात

मराठीत ‘खेळ’ हा शब्द मोठा व्यापक आहे. मुलांचा खेळ, नाटकाचा खेळ, सिनेमाचा खेळ आणि अलीकडे संगणकावरचा व्हिडिओ गेम, या सर्वांना तो सारखाच लागू पडतो. त्यामुळे व्हिडिओ गेममध्ये चित्रणाची झळाळी महत्त्वाची की कथा व खेळण्यातील गती महत्त्वाची, असा जो वाद हल्ली ऐकू येतो, तो मराठी प्रेक्षकास सर्वस्वी नवा वाटण्याचे कारण नाही. फणसवाडी, ठाकूरद्वार, केळेवाडी या भागांतील रहिवाशांच्या तीन-चार पिढ्यांनी तो नाटकगृहांतून अनुभवलेला आहे.

विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये ग्रांट रोडच्या नाटकगृहात आपले खेळ केले, तेव्हा चित्रित पडद्यांचे वैभव त्यांच्यापाशी नव्हते. कथा सूत्रधार पदांतून सांगे, पात्रे भाषणे आयत्या वेळी रचीत. परंतु म्हणून तेथे डोळ्यांना काही नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. राक्षसांचा आरडाओरडा व रंगवलेली तोंडे हाही देखावाच होता. मात्र तो नटाच्या अंगावर होता, त्याच्या पाठीमागे नव्हता.

पुढे पारशी नाटक मंडळ्यांच्या सान्निध्यात हा देखावा पाठीमागच्या पडद्यावर गेला. राजवाडा, अरण्य, मार्ग असे पडदे उलगडू लागले. ‘नेपथ्य’ या शब्दाच्या अर्थाचा प्रवास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ पात्रांची वेशभूषा, तसेच ती जेथे चढविली जाते ती पडद्याआडची जागा. मराठीत मात्र तो प्रेक्षकासमोर मांडलेल्या देखाव्याचा वाचक झाला. जे आड होते तेच समोर आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, तेव्हा देखाव्याची बाजू सर्वांत बळकट ठरली. हरिश्चंद्राची कथा प्रत्येक प्रेक्षकास पाठ होती. तिच्यात पुढे काय होणार ही उत्कंठा संभवतच नव्हती. लोक गेले ते हलणारे चित्र पाहावयास. १९१७ च्या ‘लंकादहन’संबंधीही हेच म्हणावे लागते. कथा जितकी परिचित, तितका देखाव्याचा अधिकार मोठा, असा काहीसा नियम येथे दिसतो. बालगंधर्वांच्या भरजरी शालूंचे आकर्षणही बहुधा याच जातीचे. पण त्यांच्या बाबतीत गळ्याला वगळून शालूचा विचार करणे हा अन्याय होईल. गंधर्व मंडळी पुढे कर्जात बुडाली, हे मात्र विसरता येत नाही.

या वैभवाविरुद्ध उभी राहिली ‘नाट्यमन्वंतर’. तिचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे श्री. वि. वर्तककृत नाटक १ जुलै १९३३ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. चित्रित पडदे गेले, भिंती व दारे असलेली खोली आली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. या संस्थेने देखावा टाकून दिला, असे जे सररास सांगितले जाते ते तितकेसे खरे नाही. तिने देखाव्याचे काम बदलले. खरे दार असले म्हणजे पात्राला ते आपटून निघून जाता येते. रंगविलेल्या दारातून तसे जाता येत नाही. ही संस्था अल्पावधीतच बंद पडली. ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आणि ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये येऊन गेले होते. बोलपटाच्या स्पर्धेत केवळ कलात्मक औचित्य पुरेसे पडले नाही.

आज चित्रणाचे समर्थक व विरोधक ज्या तऱ्हेने भांडतात, त्यात नेमकी ही गोष्ट सुटते. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत ‘टेट्रिस’ रचला तो चित्रे दाखवू न शकणाऱ्या यंत्रावर. पडणारे तुकडे कंसांच्या चिन्हांनी बनविलेले होते. तरी ते तुकडे डोळ्यांना दिसावे लागत, कारण खेळणाऱ्याचा निर्णय त्यांच्या आकारावर अवलंबून होता. तेव्हा देखावा किती सुंदर, यापेक्षा तो खेळात काही करतो की नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी होय.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर झाले. त्यात पडदा वा खोली नव्हती. ओळीने उभ्या राहिलेल्या नटांची भिंत होती. ती भिंत गात होती, डोलत होती आणि पाहिजे तेव्हा माणसे लपवीत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली. तेथे रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धड अंतरही नव्हते.