फोटो एडिटिंगमध्ये खरी वाटणारी सावली कशी तयार करतात?

भंडारदऱ्याला न जाताही विल्सन धरणासमोर किंवा रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराजवळ उभे असल्याचा फोटो आज घरबसल्या तयार करता येतो. चेहरा, कपडे, पार्श्वभूमी सगळे जुळले तरी सावली चुकली की फोटो बनावट असल्याचे लगेच कळते.

सावलीची दिशा आणि लांबी
पार्श्वभूमीतील झाडे, खांब यांच्या सावल्या आधी पाहाव्यात. भंडारदरा सुमारे १९.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि सावली पायाखालीच राहते. डिसेंबरअखेरीस मात्र मध्यान्हीही सावली उत्तरेकडे, जवळजवळ माणसाच्या उंचीइतकी लांब पडते.

कृती
फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये पद्धत साधारण सारखीच आहे.

१. व्यक्तीच्या लेअरची प्रत काढून मूळ लेअरच्या खाली ठेवावी व ती गडद रंगाने भरावी.

२. ती प्रत हवी तशी ताणून, तिरकी करून जमिनीवर आडवी करावी. पाय आणि सावली यांच्यात फट राहू नये. वाटेत पायरी किंवा भिंत आली तर सावली तिथे वळवावी.

३. ब्लेंडिंग मोड ‘मल्टिप्लाय’ ठेवून ओपॅसिटी शेजारच्या सावल्यांशी जुळवावी. निव्वळ काळा रंग टाळावा. सावलीत आकाशाचा उजेड येतो, म्हणून ती किंचित निळसर दिसते.

४. शेवटी ब्लर द्यावा. पायाशी कमी, पुढे जास्त. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावली टाकणारा भाग एक मीटर दूर असेल, तर सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटर धूसर होते.

पावसाळी ढगांत उजेड सगळीकडून येतो. तेव्हा ठळक सावली नको. पायाखाली मऊ काळोखी पुरते.

बनावट फोटो ओळखताना
फोटोतील प्रत्येक वस्तूचे टोक आणि त्याच्या सावलीचे टोक जोडणारी रेषा काढावी. उन्हातल्या खऱ्या फोटोत या रेषा वाढवल्यावर एकाच बिंदूत मिळतात किंवा समांतर राहतात. एखादी रेषा स्पष्टपणे भलतीकडे गेली, तर शंका घ्यावी.

रंधा धबधब्याच्या ऐन पुरात काठावर उभे असल्याचा बनावट फोटो पाहून कोणी खरोखर तिथे जाऊन उभे राहू शकते. म्हणून सावली कितीही हुबेहूब जमली, तरी पोस्टमध्ये ‘एडिट केलेला फोटो’ असे स्पष्ट लिहावे.