ठसठशीत रंग : मुद्रणाची मर्यादा आणि शैलीची निवड

संगणकावर चित्रे काढणारे आजचे अनेक चित्रकार जाड बाह्यरेषा, मोजके भडक रंग आणि सपाट पृष्ठे यांचा बुद्ध्या अवलंब करतात. या शैलीस ‘जुन्या वळणाची’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या चित्रांवरून हे वळण उचलले गेले, त्यांच्या कर्त्यांपुढे ती पुष्कळ अंशी निवड नसून तत्कालीन मुद्रणाने घातलेली मर्यादा होती.

शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. ठशांच्या छपाईत स्वतंत्र ठसा. एक रंग वाढला की कागद पुन्हा यंत्रातून जाई व खर्च वाढे. रेषेच्या ठशात छटा उतरत नसे. रंग पूर्ण लागे किंवा मुळीच लागत नसे. जाळीच्या ठशात ठिपक्यांनी छटा साधे, पण त्यास गुळगुळीत कागद हवा असे. म्हणून थोड्या रंगांत पुष्कळ सांगणे ही चित्रकाराची गरज झाली.

महाराष्ट्रात या गरजेतूनच एक दृश्यपरंपरा घडली. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्र उपलब्ध भारतीय भित्तिपत्रांत अत्यंत जुने गणले जाते. १९४५ साली सुरू झालेल्या ‘दीपावली’तून व असंख्य मुखपृष्ठांतून दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची ओघवती रेषा व तेजस्वी रंग मराठी घरांत पोहोचले.

भाषेच्या इतिहासात याला समांतर घटना आढळते. ‘म्हणौनि’ हे रूप ज्ञानेश्वरांच्या काळी प्रचारातले होते. आजच्या कवीने ते योजले तर ते आर्ष ठरते. रूप तेच, पण पर्याय उपलब्ध झाल्यामुळे त्याचा अर्थ पालटतो. संगणकावर लाखो छटा सुलभ असताना चित्रकार चारच रंग घेतो, छपाईचे ठिपके व किंचित सरकलेला रंग मुद्दाम आणतो. तेव्हा पूर्वीचा दोषही अर्थवाहक चिन्ह बनतो. हे केवळ अनुकरण नव्हे.

मात्र या परंपरेचा अभ्यास मूळ मुखपृष्ठांवाचून होणार नाही. अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकल्या की मजकूर उरतो, पुरावा नष्ट होतो. शहापूर, मुरबाड, किन्हवली अशा ठिकाणच्या वाचनालयांत वा घरांत जुने अंक असतील, तर त्यांची मुखपृष्ठांसह वर्षवार नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आणि निकडीचे कार्य होय.