टॉर्नेडो

टॉर्नेडो : क्युम्युलोनिंबस प्रकारच्या गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचलेला, अतिवेगाने गरगरणारा हवेचा स्तंभ. यालाच मराठीत घूर्णवाती वादळ असेही म्हणतात. चक्रीवादळ आणि वावटळ यांच्याशी त्याची अनेकदा गल्लत होते. चक्रीवादळ उबदार समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टॉर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटरच्या आत असते आणि बहुतेक टॉर्नेडो दहा मिनिटांत विरतात. उन्हाळ्यात माळावर पालापाचोळा उडवणारी वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढगाची गरज नसते. टॉर्नेडोला मात्र माथ्यावर ढग लागतोच.

निर्मिती : तीव्र टॉर्नेडो बहुतांशी ‘सुपरसेल’ नावाच्या गडगडाटी वादळातून निर्माण होतात. त्यासाठी जमिनीलगत उबदार, दमट हवा आणि तिच्यावर थंड, कोरडी हवा असावी लागते. शिवाय उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असावी लागते. अशा वाऱ्यांमुळे हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगात वर चढणारा प्रवाह हे आडवे फिरणे उभे करतो आणि काही किलोमीटर रुंदीचा भोवरा, म्हणजे मेसोसायक्लोन, तयार होतो. पुढे जमिनीलगतची फिरती हवा वर ओढली जाऊन आक्रसली, की गिरकी घेताना हात अंगाशी घेणाऱ्या नर्तकाप्रमाणे तिचा वेग वाढतो. मात्र बहुतेक मेसोसायक्लोनमधून टॉर्नेडो उतरत नाही. नेमक्या कोणत्या ढगातून तो उतरेल, हे कोडे पुरते सुटलेले नाही आणि पूर्वानुमानाची खरी अडचणही हीच आहे.

आढळ : अमेरिकेत दरवर्षी सुमारे १,२०० टॉर्नेडोंची नोंद होते. मेक्सिकोच्या आखातावरील दमट हवा आणि पश्चिमेकडील कोरडी हवा टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस या सपाट प्रदेशावर एकत्र येते, हे त्याचे प्रमुख कारण. भारतीय उपखंडात मार्च ते मे या काळात कालबैसाखीच्या वादळांतून बांगलादेश व पूर्व भारतात टॉर्नेडो होतात. बांगलादेशातील माणिकगंज भागात २६ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या टॉर्नेडोत सुमारे १,३०० लोक मृत्युमुखी पडले. ज्ञात इतिहासातील हा सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो मानला जातो.

मापन : तडाख्यात उपकरणे सहसा टिकत नाहीत, म्हणून पडझडीवरून वाऱ्याचा वेग अनुमानतात. जपानमध्ये जन्मलेले, शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये त्यासाठी श्रेणी तयार केली. २००७ पासून अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती वापरात आहे. तिच्यात ईएफ-० ते ईएफ-५ असे सहा स्तर असून सर्वोच्च स्तरात वेग ताशी ३२० किमी.पेक्षा अधिक असतो.

पूर्वानुमान : ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळाला २० मार्च १९४८ रोजी टॉर्नेडोचा तडाखा बसला. पाचच दिवसांनी हवेची तशीच स्थिती दिसल्यावर तेथील हवामान अधिकारी अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर यांनी दुपारी इशारा दिला आणि संध्याकाळी त्याच तळावर पुन्हा टॉर्नेडो आला. तोवर लोक घाबरतील या भीतीने अमेरिकी हवामान खाते अंदाजात हा शब्दही टाळत असे.

आज काम दोन टप्प्यांत चालते. नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर काही तास आधी पोषक स्थितीची सूचना देते. प्रत्यक्ष इशारा स्थानिक हवामान कार्यालय देते. त्यासाठी डॉप्लर रडारवर ढगाच्या कडेला आलेला आकड्यासारखा बाक पाहतात. रडारकडे येणारा आणि दूर जाणारा जोरदार वारा शेजारीशेजारी दिसला, तर भोवऱ्याची खूण पटते. उडालेली पत्रे-फळकुटे पावसापेक्षा वेगळी दिसली, की टॉर्नेडो जमिनीला टेकल्याचे कळते. मात्र पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरवर रडारची शलाका उंचावरून जाते आणि जमिनीलगतची हालचाल निसटते. त्यामुळे प्रशिक्षित निरीक्षकांची अजूनही गरज भासते.

इशारा आणि तडाखा यांत सरासरी दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. बरेच इशारे फोलही ठरतात, त्यामुळे लोक ते ऐकूनही थांबून राहतात. मिसुरीतील जॉप्लिन शहरात २२ मे २०११ रोजी इशारा वेळेवर दिला गेला होता. तरीही तेथे सुमारे १६० जण दगावले.