राखणदारीचा दुसरा अध्याय

१९६७ साली ‘सायन्स’मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने थेट ख्रिस्ती विचारावरच बोट ठेवलं. निसर्गाच्या नासाडीचं मूळ तिथंच आहे म्हणाले. माणसाने पृथ्वी सत्तेखाली आणावी, असं बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे ना! पण दुसऱ्या अध्यायात देव आदामाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत आणि राखण करायला. (गंमत म्हणजे व्हाइट स्वतः ख्रिस्ती. निसर्गाचे पालक संत म्हणून असिसीच्या फ्रान्सिसचं नाव त्यांनीच सुचवलं; १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणाही केली.)

आपल्याकडे ही राखण वसईत रस्त्यावर उतरली. ऐंशीच्या दशकाची अखेर. विहिरींचं गोडं पाणी टँकर उपसून नेत होते, वाड्यांवर बिल्डरांचा डोळा. ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’ची चळवळ घेऊन उभे राहिले. नुसते ख्रिस्ती नव्हे, सगळ्या धर्मांचे वसईकर सोबत होते. पाद्र्याचं हे काम आहे का, असं विचारणारे आजही भेटतात.

पर्यावरणावरचं पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र आलं २०१५ साली. म्हणजे वसईनंतर पाव शतकाने. बावखलं मात्र तिथं अजूनही बुजतायत.